आम्ही घळीतच राहिलो

लग्नानंतर आम्ही कुठे जाणार, याची काळजी आमच्यापेक्षा लोकांनाच जास्त होती. कोणी माहूर सुचवलं, कोणी शेगाव. माझी पन्नाशी उलटलेली, यांची साठी. दोघांचंही दुसरं लग्न, तेही यवतमाळला रजिस्टर पद्धतीनं, दोन्ही घरांच्या मर्जीविरुद्ध. "या वयात देवदर्शनच शोभते," असं माझ्या शाळेतल्या एक बाई प्रेमानं म्हणाल्या. प्रेमानं म्हणाल्या म्हणूनच मला जास्त राग आला.

माझी सारी नोकरी दारव्ह्यात गेली, शाळेत शिकवण्यात. पहिले पती गेले तेव्हा मी ऐन उमेदीत होते. मूलबाळ नव्हतं. पुढची सगळी वर्षं मी सासरच्या घरात, मागच्या खोलीत काढली. धाकट्या दिराचं गावात बियाण्याचं दुकान आहे, चार लोकांत शब्दाला मान आहे. भाऊजींनी मला कधी टाकून बोललेलं मला आठवत नाही. पण मी कोणत्या रंगाचं लुगडं नेसावं, शाळेच्या सहलीबरोबर मुक्कामाला जावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरायचं. चेहरा नाराज दिसला की मीच म्हणायची, जाऊ द्या, मला तरी कुठं हौस आहे.

हौस होती. भरपूर होती.

हे पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर एकदा आमच्या शाळेत मुलांना नदीबद्दल सांगायला आले, तिथे ओळख झाली. फळ्यावर त्यांनी पैनगंगा काढली आणि उमरखेडच्या पुढे एका ठिकाणी खडू थांबवला. म्हणाले, इथे नदी काळ्या खडकात शिरते. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आटलं की दोन भिंतींच्या मधून आत चालत जाता येतं, वाळूत तंबू लावून आम्ही राहायचो. मुलं चुळबुळत होती. मी मात्र त्या खडूच्या ठिपक्याकडे बघत राहिले. पुढे लग्नाचं ठरल्यावर यांनी विचारलं, "मॅडम, तुमाले काही हवं असंल तर सांगा." ते मला अजूनही मॅडमच म्हणतात.

मी म्हटलं, "त्या घळीत न्या. मुक्कामाले."

होळी झाल्यावर आम्ही निघालो. मोटरसायकलच्या मागे ऑनलाइन मागवलेला तंबू बांधला, दोन पिशव्यांत शिधा, पाण्याचे कॅन, एक छोटा स्टोव्ह. मी पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट घातले होते. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना त्या दिवशी डोळे उगवले होते. मी मुद्दाम हेल्मेट हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेले, चेहरा नीट दिसावा म्हणून.

दिग्रस, पुसद मागे पडलं. पळस ऐन भरात होता आणि रस्त्यावर नुसती धग. नदीकाठच्या एका शेतकऱ्याकडे यांची जुनी ओळख होती. त्याच्या गोठ्यात गाडी ठेवली, त्याला विचारूनच खाली उतरलो. तो म्हणाला, "बाईमाणूस घेऊन कायले राह्यता जी? दिवसा पाहून या न."

मी म्हटलं, "यायनं मले नाही आणलं. म्याच आणलं यायले."

तो हसला आणि उतरायची वाट दाखवायला पुढे झाला.

खाली गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती उष्णता. खडक दिवसभर तापून खालून आणि बाजूनं, दोन्हीकडून भाजत होता. काळ्या भिंती सरळ उभ्या, पावसाळ्यातल्या पाण्यानं गुळगुळीत घासलेल्या. मधे वाळू, गोटे, आणि अधूनमधून हिरवट पाण्याची डबकी. हिरवं झाड म्हणून नाही. आपल्या ओळखीच्या कापसा-सोयाबीनच्या जिल्ह्याच्या पोटात असा उजाड, दगडी मुलूख असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी एका दगडावर बसले आणि मला रडू आलं. हे घाबरले. मी सांगितलं, "दुखून नाही राह्यलं कुठं. मले बसू द्या जरा."

तंबू लावण्याआधी यांनी वर बोट दाखवलं. समोरच्या कड्याला, खूप उंचावर, आग्या मोहोळं लटकत होती. काळ्या मोठ्या परातीच उभ्या टांगल्यासारख्या. "त्यायच्या वाटेले आपण जायचं नाही. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरड नाही." म्हणून आम्ही बरंच पुढे, वळणाच्या अलीकडे, स्वच्छ वाळूत तंबू ठोकला. संध्याकाळी पिठलं केलं. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत गेलं, खालून गारवा आला. तंबूची चेन ओढून झोपताना मला लहान मुलीसारखं हसू येत होतं.

सकाळी मी वर काठावर चढून गेले, तिथे मोबाइलला रेंज होती. तंबूचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आमचं घर, सध्या. पैनगंगेची घळ, उमरखेडच्या पुढे." मला माहीत होतं कोण कोण बघणार. माहीत होतं म्हणूनच टाकला.

भर दुपारी भाऊजी हजर झाले.

वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं तर पांढरे कपडे, कपाळावर गंध, हातात रुमाल, असे ते एकटेच उतरत होते. दारव्ह्याहून गाडी चालवत आले होते. काठावरच्या शेतकऱ्यानं वाट दाखवली असणार. जवळ आल्यावर सेंटचा वास आला. यांनी त्यांना प्यायला पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं, पण यांच्याकडे बघितलं नाही.

"वैनी, चला घरी," ते म्हणाले.

"कोणत्या घरी?"

"तुमाले समजते मी काय म्हणून राह्यलो थे. लगन केलं, ठीक हाय. कोर्टाचा कागद हाय. पण असं उघड्यावर, नदीत... लोकं दुकानात येऊन मोबाइल दाखवून राह्यले मले. आमच्या भावाची बायको हाय तुम्ही."

हे म्हणाले, "भाऊ, सावलीत बसा. मग बोलू."

"मी तुमच्याशी नाही बोलून राह्यलो."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात यांनी माझा दंड धरला. ते वर बघत होते. एक मोठा तपकिरी पक्षी, मोहोळं खाणारा, कड्याला घासून गेला आणि परत वळला. एका पोळ्याचा तुकडा सुटून खाली पडला. पुढच्या क्षणी कड्याचा तो भाग धुरासारखा हलायला लागला. आवाज नंतर आला, लांबून ट्रक चढावर यावा तसा.

"तंबूत," हे म्हणाले. "पळू नोका, हात हलवू नोका. आत शिरा."

मी शिरले. भाऊजी उलट दिशेला, चढाच्या वाटेनं धावले. माश्या त्यांच्यावर आधी आल्या, सेंटमुळे की हातातला रुमाल ते फडकावत होते म्हणून, कोण जाणे. हे त्यांच्या मागे गेले. मी जाळीतून बघत होते, आणि ओरडायचं नाही म्हणून दातात ओढणी धरली होती. यांनी भाऊजींना कमरेला धरून अक्षरशः ओढत आणलं, आत ढकललं, स्वतः आले आणि चेन बंद केली. आत आलेल्या काही माश्या मी बुटानं चिरडल्या.

दोघांसाठीचा तंबू. त्यात आम्ही तिघं, गुडघ्याला गुडघा लावून. बाहेर कापडावर माश्या आपटत होत्या, गारा पडाव्या तशा. मधेच जाळी काळी व्हायची. वरून ऊन. आत श्वास घेणं जड जात होतं. भाऊजींच्या मानेवर, कानावर, हातांवर नांग्या रुतल्या होत्या. मी पाकिटातून एटीएम कार्ड काढलं आणि त्याच्या कडेनं नांग्या खरवडून काढायला लागले. त्यांनी मान मागे घेतली.

"राहू द्या, वैनी."

"हलू नोका," मी म्हटलं.

इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. पदर डोक्यावरून सरकू नये इतकं अंतर ठेवूनच वाढायची. आता मी त्यांचं डोकं हातानं धरून कान तपासत होते आणि माझा नवरा शेजारी बसून स्वतःच्या भुवईवरची नांगी नखानं काढत होता. चक्कर येते का, जीभ सुजली का, श्वास अडकतो का, मी दोघांनाही पुन्हा पुन्हा विचारत होते. तसं काही झालं नाही. ते आमचं नशीब.

बऱ्याच वेळानं भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "तुमाले अथी कायले यावं वाटलं?"

मी सांगितलं. फळ्यावरचा खडूचा ठिपका सांगितला. आणि मग जे कधी बोलले नव्हते तेही बोलले. म्हटलं, "तुमच्या घरात मले काही कमी नव्हतं, भाऊजी. पण मी कुठं जाऊ का, असं विचारलं की सगळे तुमच्याकडे पाहायचे. आता मी कोणालेच विचारत नाही. यायलेही नाही. यायले सांगते फक्त. आणि तुमच्या भावाची बायको होती मी. थो संसार मी पुरा केला. हा माझा दुसरा हाय."

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुखण्याचं होतं. उगाच दुसरा अर्थ लावणार नाही मी.

उन्हं कलल्यावर आवाज विरला. माश्या कड्यावर परतल्या. आम्ही आणखी थोडं थांबून चेन उघडली. भाऊजींची एक सँडल पळताना कुठे तरी गेली होती. यांनी आपली जादाची चप्पल त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी मुकाट्यानं घातली. हे म्हणाले, उमरखेडला दवाखान्यात जाऊन या, मी सोबत येतो. भाऊजी नको म्हणाले. मग पुन्हा माझ्याकडे वळून, आता आवाज बराच खाली आणून, "चला न घरी. असं झाल्यावर तरी."

"असं झाल्यावर तर मुळीच नाही," मी म्हटलं. "उद्या आमाले पुढं जायचं हाय."

ते वर चढून गेले. हे त्यांना गाडीपर्यंत पोचवून, शेतकऱ्याच्या मुलाला त्यांच्यासोबत दवाखान्यात धाडूनच परतले.

सकाळी यांचा डावा डोळा पूर्ण मिटला होता. भुवई लिंबाएवढी फुगलेली. वळणाच्या पुढे घळ अरुंद होते आणि दोन भिंतींच्या मधे पाणी साचून राहतं, तिथून पलीकडे जाणं हाच आमचा खरा बेत होता. हे म्हणाले, "मॅडम, राहू द्या. मले नीट दिसून नाही राह्यलं. तुमाले पोहता येत नाही."

"पाणी कुठवर असते?"

"छातीपर्यंत. क्वचित गळ्यापर्यंत."

"मग गळ्याच्या वर तर नाही न."

दोरीचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या. पिशवी डोक्यावर घेतली आणि मी पुढे झाले. पाणी थंडगार होतं, कारण तिथे ऊन पोचतच नाही. एक हात भिंतीवर, पायानं तळ चाचपत, मी बोलत जात होते: "दगड हाय. डावीकडे या. अथी खोल हाय. थांबा." ज्यांनी ही नदी मोजली होती ते माझ्या आवाजावर चालत होते. एका ठिकाणी तळ लागेना. पाणी हनुवटीला लागलं, आणि मला खरोखर भीती वाटली. सगळं अंग म्हणत होतं, मागे फिर. मागे फिरले असते तरी यांनी जन्मात कधी बोलून दाखवलं नसतं. मी भिंतीतल्या खाचेत बोटं रुतवली आणि पाय पुढे टाकला. तिथे वाळू होती.

पलीकडे निघालो तेव्हा नदी एकदम रुंद झाली होती. उन्हानं डोळे दिपले. वाळूत टरबुजांची वाडी होती आणि एक बाई मडक्यानं वेलांना पाणी घालत होती. आम्ही निथळत उभे. यांचा चेहरा सुजलेला, माझ्या डोक्यावर पिशवी, मधे दोरी. तिनं नीट पाहून घेतलं.

"कोण्या गावचे?"

"दारव्ह्याचे."

"आन् त्या घळीतून आले?"

"हो."

"पानी हाय न तथी अजून?"

"गळ्यापर्यंत."

तिनं मान डोलावली, एक टरबूज ठोकून पाहिलं आणि दगडावर आपटून आमच्यापुढे ठेवलं. आमचं नातं काय, वय काय, असल्या जागी काय काम, काहीच विचारलं नाही. आम्ही तिघं वाळूत बसून हातानंच खात राहिलो.

पुढे गावात भाऊजींनी वेगळीच गोष्ट सांगितली. आम्ही माश्यांत सापडलो होतो आणि त्यांनी येऊन वाचवलं, अशी. मला ती एका साखरपुड्यात, भर पंगतीत, तिसऱ्याच माणसाकडून कळली. भाऊजी समोरच जेवत होते. मी वाढणाऱ्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जसं घडलं तसं सांगितलं: कोणी कोणाला ओढून आणलं, कोण कोणाच्या तंबूत बसलं, आणि शेवटी घरी कोण गेलं.

भाऊजींनी मान वर केली नाही. पण नाही असंही म्हणाले नाहीत. पंगत पुढे चालू झाली, आणि मी जिलेबी मागून घेतली.