उस्तादांच्या पेटीची किल्ली

गॅरेजातले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कपड्यांवर ग्रीसचे डाग साठतात तसे ते आपोआप साठतात आणि कितीही धुतले तरी जात नाहीत. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवडला मुंबई रस्त्याला लागून अण्णांचं गॅरेज होतं आणि मी तिथे लेथ चालवायचो. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. आमचे हेडमिस्त्री, युसूफ उस्ताद!

*

उस्ताद रस्त्याकडे पाठ करून चहा प्यायचे. एकदा मागून एक लॉरी गेली. उस्ताद म्हणाले, "याचा फॅनबेल्ट देहूरोडच्या आत तुटणार." आम्ही हसलो.

थोड्या वेळाने त्याच लॉरीचा ड्रायव्हर घामाघूम होऊन चालत आला. "फॅनबेल्ट मिळेल का हो?"

अण्णा टेबलावरून ओरडले, "उस्ताद, जाताना त्याला थांबवायचं तरी!"

"थांबवलं असतं तर पटलं असतं का त्याला?" उस्ताद म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

*

गॅरेजचा एक कायदा उस्तादांनीच केला होता. नव्याने बांधलेलं इंजिन तक्रार घेऊन परत आलं, की ज्याने बांधलं त्याची हत्यारांची पेटी बंद आणि किल्ली गाडीच्या मालकाकडे. दुरुस्तीनंतर मालकाचं समाधान झालं तर किल्ली परत. नाही झालं, तर त्या मिस्त्रीने दुसरं गॅरेज बघायचं!

आमचा फिटर विठोबा बीडकडचा. तो एकदा यात सापडला. इंजिनातून थोडं तेल गळत होतं, ते त्याने लगेच बंद केलं. पण मालक किल्ली खिशात घालून सासुरवाडीला निघून गेलेला! विठोबा बरेच दिवस उसन्या पान्यांवर काम करत होता.

"उस्ताद," तो शेवटी म्हणाला, "कायद्यात सासुरवाडी धरलीच नव्हती बगा तुमी!"

*

आणि मग चाकणच्या तुकारामाची लॉरी परत आली. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली, आता कांदे वाहणारी लॉरी. तिचं इंजिन खुद्द उस्तादांनी बांधलेलं.

"उस्ताद, बाजारात गाडी उभी केली की पोटात ठकठक करतीया," तुकाराम चाचरत म्हणाला.

उस्तादांनी पेटी बंद केली आणि किल्ली तुकारामाच्या हातावर ठेवली. सगळ्या गॅरेजातले हात थांबले. उस्तादांनी दुसरं गॅरेज बघायचं?

"आवो, मला कशापायी देताय?" तुकाराम कावराबावरा झाला.

"कायदा आहे."

*

गंमत अशी, की गॅरेजात आवाज येईचना. तुकाराम गाडी चालू करी, उस्ताद बॉनेटखाली वाकत आणि इंजिन एकदम गुणी होऊन बसे.

"उस्तादांसमोर इंजिनसुद्धा तोंड उघडत नाही!" अण्णा म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते पटलं, खरंच पटलं.

उस्तादांना मात्र पटलं नाही. "तुकाराम, तुझा डावा पाय कुठे आहे?"

"क्लचवर. चालू करताना आमी दाबूनच धरतो."

"काढ."

ठक. ठक. ठक.

"दाब." आवाज बंद!

उस्तादांनी इंजिन थांबवायला लावलं आणि पुढच्या पुलीला माझा तळहात टेकवला. तुकारामाने पुन्हा क्लच दाबला. मणभर लोखंड माझ्या हाताला भेटायला पुढे आलं! ही पुली क्रँकशाफ्टच्या टोकाला असते, आणि क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनचा कणा. त्याने जागच्या जागी फिरायचं, पुढेमागे सरकायला जेमतेम कागद जाईल एवढीच जागा. हा तर चांगला बोटाच्या नखाएवढा सरकला. 

*

इंजिन उघडलं. क्रँकशाफ्टला सरकू न देणाऱ्या अर्धगोल चकत्या असतात. त्यांची एक बाजू मऊ धातूची, तेलाच्या खाचा असलेली. ती बाजू शाफ्टकडे हवी. एक चकती उलटी बसली होती आणि क्लच दाबला की तिची कडक बाजू शाफ्टवर घासत होती. घासून घासून जागा वाढली आणि क्लचवरचा पाय काढला की सैल शाफ्ट पुढेमागे ठोकत होता.

आमच्याकडे प्रत्येक इंजिन बांधून वरून बंद करण्याआधी दुसऱ्याने तपासायचं असे. "हे कोणी तपासलं?" उस्तादांनी विचारलं.

"मी," विठोबा म्हणाला.

"मग दिसली नाही?"

"दिसली की. पण उस्तादांनी उलटी बसवली म्हंजे उलटीच बसत आसंल, आसं वाटलं!"

कोणी हसलं नाही. आमच्यापैकी कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. उस्तादांनी ती चकती बोटांत फिरवून सुलटी धरली. मग म्हणाले, "यापुढे माझं इंजिन दोघांनी तपासायचं."

*

शाफ्टची घासलेली बाजू मी लेथवर साफ करून दिली. उस्तादांनी विठोबाची हत्यारं मागून घेतली आणि जाड चकत्या बसवून इंजिन पुन्हा बांधलं. अण्णांनी तुकारामाला बजावलं, "पहिली फेरी खंडाळ्याच्या घाटाखालपर्यंत. गाडी रिकामी न्यायची. परत आलास की किल्लीचं काय ते सांग."

घाट उतरायचा आणि परत चढायचा होता. त्या सकाळी उस्तादांनी चहाला हात लावला नाही.

तुकाराम आला तो बायको, कडेवरचं पोर आणि म्हातारी आई यांना घेऊन! त्याने सगळ्यांना केबिनमध्ये चढवायला सुरुवात केली.

"अरे, रिकामी न्यायची म्हणालो होतो ना?" अण्णा ओरडले.

"कांदं कुठं भरल्यात?" तुकाराम म्हणाला, आणि किल्ली काढून उस्तादांच्या हातात दिली.

"खंडाळ्याहून आल्यावर द्यायची असते," उस्ताद म्हणाले.

म्हातारीने पायरीवर एक पाय ठेवला होता. ती वळली आणि उस्तादांना तिने नीट न्याहाळलं. "ह्ये इंजान तूच बांधलंस न्हवं रं, बाबा?"

"होय, आई," उस्ताद म्हणाले. "दोनदा."

"मंग झालं तर," म्हातारी म्हणाली आणि वर चढून बसली. "चल रं, तुका!"