रोजड्याच्या शिकारीला गेलेली सून

कोल्हापूरहून लग्न होऊन मी इंदूरला आले, तेव्हा अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात मला देवघराआधी वाघ दाखवले. बैठकीच्या भिंतीवर फोटोच फोटो. मेलेले वाघ, मेलेली सांबरं आणि त्यांच्यावर पाय ठेवून उभे असलेले बडे लोक. यांत आपलं कोण, असं मी विचारलं. चुलत सासऱ्यांनी, म्हणजे काकांनी, एका फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथं दुसऱ्याची बंदूक सांभाळत, खाकी हॅट घालून माझे आजेसासरे उभे होते. ते संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. जन्मभर त्यांनी टाक चालवला, पण घरच्या गप्पांत अर्धं जंगल त्यांनीच रिकामं केलेलं.

पुढच्या पिढीचेही फोटो होते. डोक्यावर तीच हॅट, पायाशी रानडुक्कर नाहीतर रोजडा. नीलगायीला इकडे रोजडा म्हणतात. बाई मात्र एकाही फोटोत नव्हती. सासूबाई लग्न झाल्यापासून त्या काचा पुसत आल्या होत्या, तेवढाच काय तो बायकांचा संबंध.

कॉलेजात असताना मी रायफल नेमबाजीत पदकं मिळवली होती. हे कळलं आणि काकांचे डोळे चमकले. त्यांची नजर अधू झालेली, हात थरथरणारे, आणि माझ्या नवऱ्याला फटाक्याचासुद्धा आवाज सोसत नाही.

रविवारी पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत काका म्हणाले, "सूनबाई, आपल्या खेतात रोजडे घुसलेत. सगळा हरभरा साफ करतायत. तू एक पाडून दे, फिर देख, तुझा पण फोटो भिंतीवर. या घराची पहली लेडी शिकारी!"

"मी जिवंत जनावरावर गोळी झाडत नाही," मी म्हटलं. "आणि परवानगी कुठंय?"

"आपलंच खेत आहे, परमिशन कसली? अरे यार, कागदावर तर कोई भी मारतं. खरं जनावर समोर आलं की हात कापतात, असं सरळ सांग ना."

सगळे हसले. नवरा पोह्यांतले शेंगदाणे शोधत बसला. माझं डोकंच फिरलं. नाही म्हटलं तर भित्री, गोळी झाडली तर यांच्यातली. या घरात माझी जागा एका मुक्या जिवावर ठरणार होती, आणि तीही ठरवणार कोण, तर उंटावरून शेळ्या हाकणारे!

"चला," मी म्हटलं. "नेमच बघायचाय ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही शेतावर पोचलो. डबा घेऊन सासूबाईही आल्या होत्या, आणि कानांत कापूस घालून नवराही. दुर्बिणीतून रोजडे शोधत काका लांबच्या बांधापर्यंत गेले, आड येते म्हणून डोक्यावरची वडिलांची हॅट काढून तिथल्या खांबावर ठेवली आणि परत येऊन आपली रायफल माझ्या हातात दिली. खांबाजवळ कुणी नव्हतं आणि त्याच्यामागे मातीचा उंच ढीग होता, हे मी आधीच पाहून ठेवलं.

हरभऱ्यात एक मोठा निळसर नर होता, मागं माद्या आणि एक पिल्लू. नरानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात अजून पाला होता.

"मार, मार," काका कुजबुजले.

मी रायफल खांद्याला लावली. हात अजिबात कापला नाही. मग नळी बांधाकडे वळवली आणि चाप ओढला.

हॅट उडून ढिगाऱ्यावर पडली. रोजडे उधळले ते थेट नाल्यापलीकडे.

"पागल झालीस का? बाबांची हॅट होती ती!"

"नेम चुकला नाही, काका. जाऊन बघा." माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "आणि नुसत्या आवाजानं जनावरं पळाली ना? मग मारायचं कशाला होतं? हरभऱ्यासाठी की फोटोसाठी?"

"फोटो तर तू भूलच जा. त्या भिंतीवर शिकार करणाऱ्यालाच जागा आहे."

नवरा ढिगाऱ्याकडे गेला. त्यानं हॅट उचलून आणली, झटकली आणि काकांना न देता माझ्या हातात ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी रोजच्यासारखं फडकं घेतलं. आजेसासऱ्यांचा फोटो खाली उतरवला, पुसला आणि परत लावलाच नाही. मला म्हणाल्या, "आण ती हॅट."

"वहिनी, तो बाबांचा खिळा आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे, भावजी. त्याची धूळ मीच तर पुसते."

हॅट आजही तिथंच आहे, समोर भोक, मागं भोक. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, ही कुणाची शिकार? मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई उत्तर देतात, "आमच्या सुनेची."