चिंचेने घासलेला इलेक्ट्रोड

“पट्टी कुणी घासली?” लॅबमध्ये शिरताच मी ओरडले.

आयुधपूजेची सुट्टी नुकतीच संपली होती. बंगळुरात त्या दिवशी लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आमच्या बोम्मसंद्राच्या लॅबमध्येही लागलं होतं. पण पूजेच्या ताटात माझा इलेक्ट्रोड होता. इलेक्ट्रोड म्हणजे वीज द्रावणात सोडणारी पट्टी, इथे शुद्ध तांब्याची.

“मीच घासली,” जाधवराव सर म्हणाले. आमचे बॉस. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेली. “काळवंडलेलं तांबं देवापुढे ठेवायचं कसं गं? चिंच-मीठ लावलं स्वल्प.”

“सर, ती शेवटची पट्टी होती! आणि उद्या रिव्ह्यू कमिटी येतेय.”

काम असं होतं. खाऱ्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तांब्यातून वीज द्यायची आणि त्या वायूपासून इथिलीन बनवायचं. प्लास्टिक ज्यापासून होतं ते इथिलीन. माझी पट्टी आरशासारखी गुळगुळीत असे, तरी पाण्यातून नुसता हायड्रोजन निघायचा. उद्याही तेच दिसलं तर प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्टवरची माझी नोकरीही.

दुसरा इलाज नव्हता. कुंकू धुतलं, चरफडत पट्टी लावली आणि करंट सुरू केला.

वायू ओळखणाऱ्या यंत्राचा पेन कागदावर सरकू लागला. हायड्रोजनची रेघ आली. मग इथिलीनच्या जागी पेन उठला, तो उठतच गेला.

“सर!”

“सरी, सरी, बरं आहे. आधी खात्री कर. चिंचेतून येत असेल तर?”

मी कार्बन डायऑक्साइड बंद करून आर्गॉन सोडला. आर्गॉन कशातच भाग घेत नाही. हायड्रोजनची रेघ आली, पण इथिलीनच्या जागी पेन सपाट राहिला. पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडला, पेन पुन्हा चढला.

माझ्या अंगावर काटा आला. आपण श्वासावाटे टाकून देतो तो वायू, ज्याचं काही करावं तर झाडांनीच, तो माझ्यासमोर एका भांड्यात नवा पदार्थ होत होता. हात जोडावेत असं वाटलं आणि मी जोडलेही. “अय्यो देवा,” एवढंच सर म्हणाले.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. चिंच-मिठाने आणि सुट्टीतल्या हवेने तांब्याला बारीक खड्डे पाडले होते. वायूला खडबडीत जागा हवी होती आणि मी वर्षभर ती घासून घासून नाहीशी करत होते.

कमिटीने आकडे दोनदा तपासले. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “चिंच कोणत्या ग्रेडची?”

“हुळीची,” सर शांतपणे म्हणाले, “आमच्या घरी आमटीला वापरतात ती.”

मुदत वाढली, नोकरी राहिली. पुढचे सहा महिने मी अधिकृतपणे बाजारातल्या चिंचा तपासत होते.