वाकडी कर्णफुलं आणि आप्पांची पक्कड

हुपरीत माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पन्नास वर्षं चांदीचे पैंजण करतायत. त्यांची ही लेक मात्र कोल्हापुरात राहून पंचेचाळिशीत 'स्टुडिओ आर्टिस्ट' झाली. स्टुडिओ म्हणजे आमची मागची गॅलरी. वॉशिंग मशीन बाजूला सारलं की झाला स्टुडिओ.

मागच्या हिवाळ्यात आम्हा आठ जणींचं प्रदर्शन होतं. हस्तनिर्मित, समकालीन, शाश्वत आणि काय काय. आयोजक बाई पुण्याच्या. दागिने मखमलीवर ठेवायला त्यांची सक्त मनाई. म्हणून कुणी विटेवर मांडले, कुणी वाळक्या फांदीवर, एकीनं तर चक्क शेणीवर, म्हणजे गोवरीवर! प्रत्येक वस्तूशेजारी एक कार्ड. माझ्या कर्णफुलांच्या कार्डावर बाईंनी लिहिलं होतं, 'ही रचना पोकळीशी संवाद साधते.' ती करताना मी फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, पण कोण सांगणार?

कोल्हापूरकर कार्ड वाचत नाहीत. वस्तू हातात घेतात आणि थेट विचारतात, "मोडीला किती येतील?" एका मावशींना बाईंनी समजावलं, की ही कला आहे. मावशी म्हणाल्या, "कला हाय म्हणूनच इचारतोय की. नुसती चांदी असती तर मला ठावं असतं."

मला विक्रीचं फारसं पडलं नव्हतं. मला आप्पांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'बरं झालंय' ऐकायचं होतं. लहानपणी भावाला त्यांनी ऐरणीजवळ बसवलं आणि मला घुंगरं भरायला. लग्न होईपर्यंत मी घुंगरंच भरली. पुढं कोर्स केला, तीन वर्षं हात भाजून घेतले, पण त्यांना काही दाखवायचं धाडस झालं नव्हतं. या वेळी मन घट्ट केलं आणि बोलावलं.

आप्पा सकाळच्या एसटीनं आले. टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. सगळी टेबलं हिंडले, शेणीपाशी जरा जास्तच थांबले. मग माझ्या टेबलाशी येऊन एक कर्णफूल उचललं.

"हे वाकडं हाय."

"मुद्दाम केलंय, आप्पा."

"आन् काळं का?"

"तेही मुद्दामच. हल्ली असंच असतं."

"असंल," म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले. वाटेत बाईंनी फोटोसाठी धरलं, मग दुसऱ्या फोटोसाठी, मग व्हिडिओसाठी. वीस मिनिटं गेली.

परत येते तर माझ्या टेबलाभोवती ही गर्दी! आप्पांनी पिशवीतली पक्कड काढून माझी सगळी वाकडी कर्णफुलं सरळ केली होती. चांदी उजळायची पूड लावून, धोतराच्या सोग्यानं घासून, काळं म्हणून नावाला ठेवलं नव्हतं. वर जोड्या लावून, शिस्तीत ओळीनं मांडलेल्या. पोकळीचा पार निकाल लागला होता. बायका आपापले तुटके पैंजण काढून पुढं सरकवत होत्या, "आजोबा, हेवढं बघा की!" आयोजक बाई माझ्या कानात पुटपुटल्या, "लाइव्ह परफॉर्मन्स ठेवलात, आधी कळवायचं तरी!"

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, काय केलंत हो हे! सहा महिन्यांचं काम माझं!"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वरडू नगंस. मला वाटलं तुला जमलं न्हाय. लोकांच्या ध्यानात यायच्या आधी नीट करून ठिवावं म्हटलं."

 संताप तर असा झाला होता की चहाचा कप आपटावा. तीन वर्षांनी निकाल हाती पडला होता, तोही माझी अब्रू झाकता झाकता. मी कप टेबलावर ठेवला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आप्पांच्या डाव्या हातात अजून एक वस्तू आहे. माझं कडं. एकदम साधं, तारेचं. हुपरीचा कारागीर कडं हातात घेतो तेव्हा नक्षी बघत नाही, आधी नखानं जोड शोधतो. आप्पांचं नख कड्यावरून पुरतं एक वळसा फिरलं, पुन्हा फिरलं, कुठंच अडलं नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"ह्याला जोड हाय न्हवं?"

"हाय की."

"हे कुणाकडनं करून आणलंस?"

"मीच केलंय, आप्पा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बोटांवरच्या भाजल्याच्या खुणांकडं. पुन्हा एकदा नख फिरवलं. शेजारी उभ्या असलेल्या हातमागाच्या साडीतल्या एक बाई पुढं झाल्या. "अय्या, हे कडं केवढ्याला?"

मी किंमत सांगायला तोंड उघडणार, तोवर आप्पांनी मूठ मिटली.

"ताई, हे इकायचं न्हाय," ते म्हणाले. "हे घरात दाखवायचं हाय."