मोगऱ्याच्या काट्यावरचं विमान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. तंत्रशाळेतल्या माझ्या वर्कशॉपच्या सरांचे. वडील वाडा तालुक्यात एका भातगिरणीत कामाला होते आणि दहावीनंतर मीही तिथेच लागणार हे घरात ठरलेलं होतं. एका रविवारी सर एसटीने गिरणीवर आले. कोंड्याच्या ढिगाशेजारी उभे राहून वडिलांना म्हणाले, "ह्याला मोजमाप कळतं. ह्याला पोती उचलायला लावू नका." वडिलांनी त्यांना बसायला रिकामं पोतं झटकून दिलं. त्या रविवारामुळे मी डिप्लोमा केला, मग पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नाही.

सर मूळचे वसईचे. निवृत्तीनंतर ते वाडीतल्या घरी आले आणि नोकरीमुळे मी जवळच तुळिंजला राहायला आलो. दर रविवारी स्कूटरवरून त्यांच्याकडे जायचं हा माझा नेम झाला. पडवीत सर रेडिओ-रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवत. साधी नव्हेत, आकाशात कोलांट्या घेणारी. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, डिंक, वरून ताणून बसवलेला पातळ कागद. सुरुवातीला मला हा म्हातारपणीचा खेळ वाटला. मग त्यांनी मला उडवायला शिकवलं, आणि मी रविवारची वाट पाहू लागलो.

त्यांचा एक नियम होता: वजन आधी, इंजिन नंतर. विमानाला नाक वर करून सरळ उभं चढायचं असेल तर पंख्याची ओढ विमानाच्या वजनापेक्षा जास्त हवी. म्हणून लोक मोठं इंजिन लावतात. पण मोठं इंजिन स्वतःच जड असतं. नाक खाली झुकतं, मग शेपटीत शिसं भरावं लागतं, आणि हा सगळा भार त्याच जुन्या पंखावर येतो. सर म्हणत, "जड माणसाला जोरात पळवलं म्हणून तो हलका होत नाही."

वजन करायचीही रीत होती. वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. तंत्रशाळेतही त्यांनी हेच लावून दिलं होतं. एकटा माणूस आपल्याला हवा तो आकडा लिहितो, असं त्यांचं म्हणणं. पडवीत सर काटा वाचत, मी लिहीत असे. काटा सरांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या विकण्याआधी तोलायचा. त्यावर बादली उपडी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि बादलीवर विमान.

"फुलांच्या काट्यावर विमान!" काकू दरवेळी म्हणत. "उद्या मलाही बसवा."

"पाच किलोचाच आहे तो," सर म्हणत. "उगाच मोडेल."

मग सरांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला. एक डोळा गेला, दुसऱ्याने सावल्या तेवढ्या दिसत. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला आणि उजवा हात थरथरू लागला. आता हा नाद सुटेल असं आम्हाला वाटलं. पण सर म्हणाले, "एक शेवटचं करतो." पाच फूट पंखाचं विमान त्यांनी अकरा महिने बोटांनी चाचपत बांधलं. डिंक कुठे किती पडला ते दिसत नसे, म्हणून ते जास्तच घालत. कागद एकदा सुरकुतला तर त्यावरच दुसरा चढवला. मी समोर बसून पाहत होतो. बोललो नाही.

नकाशाप्रमाणे इंजिन सोडून विमान दोन हजार ग्रॅमचं हवं होतं. त्यावर आम्ही ज्याला फॉर्टीसिक्स म्हणतो ते मध्यम इंजिन बसणार होतं. तोलायच्या दिवशी सरांनी मार्कर हातात घेतला. "आज तू वाच, मी लिहितो."

काट्यावर २५४० आले.

सर मान वर करून वाट पाहत होते. काकू दारात उभ्या होत्या. "बोल ना रे, कळ्या तोलायच्यात मला," त्या म्हणाल्या.

"दोन हजार चाळीस," मी म्हणालो. मधले पाचशे गाळले, एवढंच.

सरांचा चेहरा उजळला. "चाळीसच वर? या हाताने?" त्यांनी पंखाच्या खालच्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरांत २०४० लिहिलं. मग म्हणाले, "इंजिनाचं तू बघ. तू आता इंजिनिअर."

मी असं का केलं, याचं मला तेव्हा पक्कं उत्तर होतं. आमच्या घरात वडीलधाऱ्यांना तोंडावर चूक सांगत नाहीत. शिवाय मला वाटलं, ही कसर मी भरून काढीन. पदवी कशासाठी घेतली? इंजिन घरी बसवतो असं सांगून विमान तुळिंजला आणलं आणि सरांना न सांगता एक नंबर मोठं, सिक्स्टी बसवलं. ते फॉर्टीसिक्सपेक्षा एकशेऐंशी ग्रॅम जड. नाक झुकलं तेव्हा शेपटीत साठ ग्रॅम शिसं भरलं. कागदावर ओढीचं गणित जुळत होतं. पंखाचं गणित मी केलंच नाही. केलं असतं तर काय निघेल ते मला ठाऊक होतं.

थंडीत एका सकाळी बंद पडलेल्या मिठागरावर गेलो. सर खुर्चीत बसले. मिठागराचा राखणदार लांबूनच ओरडला, "बांधाच्या पलीकडं जाऊ नका, पानी हाय अजून!"

इंजिन सुरू झालं. सरांनी मान तिरकी केली. "आवाज जाड लागतोय रे."

"सायलेन्सर नवा आहे, सर."

विमान उठलं आणि मी नाक वर केलं तसं सरळ चढत गेलं.

"गेलं ना सरळ?"

"एकदम सरळ, सर."

"मग आता लूप घे. आवाजावरून कळेल मला."

वर जाताना काहीच वाटलं नाही. गोल पुरा करून खाली येताना त्याचा वेग माझ्या अंदाजापेक्षा फार होता. मी हातातल्या रिमोटची काडी ओढली. त्या वळणावर एवढा भार पंखाला उचलून धरता आला नाही. विमान एका कुशीवर कलंडलं आणि बांधावर आदळून पलीकडच्या चिखलात गेलं. इंजिनाचा आवाज मध्येच तुटला.

सर खुर्चीतून उठले नाहीत. फक्त म्हणाले, "वारा होता का?"

"हो, सर," मी म्हणालो. वारा नव्हता.

राखणदार गुडघाभर चिखलातून एक तुकडा घेऊन आला. "मास्तर, पंख एवढाच गावला. बाकी रुतलंय." सरांनी तो मांडीवर घेतला. बोटं फिरवत मधल्या सांध्यावर थांबले. "जोड सुटलाय," ते म्हणाले. "माझाच जोड." ते उत्तर मला सोयीचं होतं. मी तेच राहू दिलं.

त्यानंतर सरांनी पडवीतलं कपाट बंद करून किल्ली काकूंना दिली. मी दोन रविवार जाऊन आलो. सर ओटीवर बसून असत, हात मांडीखाली दाबून. बोलायचं ठरवून गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. मग काकूंचा फोन आला. "अरे, कप हातात धरत नाहीत. म्हणतात, सुटेल. घास मी भरवते. तू येऊन काहीतरी बोल त्यांच्याशी."

तंत्रशाळेत चूक तोंडी सांगितलेली सरांना चालत नसे. जर्नलमध्ये लिहून खाली सही करावी लागे. म्हणून मी पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

काकू, हे पत्र तुम्ही वाचून दाखवाल. मोठ्याने वाचा आणि मध्ये काही गाळू नका. मी गाळलं, त्यातूनच हे सगळं झालं.

सर, त्या दिवशी काट्यावर २५४० होते. मी तुम्हाला २०४० सांगितलं. इंजिन सिक्स्टी होतं. आवाज तुम्ही बरोबर ओळखलात, मी खोटं बोललो. शेपटीत साठ ग्रॅम शिसं होतं. वारा नव्हता.

जोड हवेत सुटला नाही. बांधाला लागेपर्यंत पंख अखंड होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चिखलातून आल्यावर तो सुटलेला होता. विमान पाडलं ते मी.

मी गाळलेले पाचशे ग्रॅम डिंकाचे आणि दुहेरी कागदाचे होते. ते तुमच्या हातचे होते, हेही लिहितो, कारण आता काहीच गाळायचं नाही असं ठरवलं आहे. पण ते मी तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही कागद सोलून, डिंक तासून विमान हलकं केलं असतं, नाहीतर मोठा पंख बांधला असता. तुम्हाला ते जमलं असतं. मी तुम्हाला ती संधी दिली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आकडा लपवला, आणि त्यात तुमचे हातच तुमच्यापासून तोडले.

माझ्या वडिलांना तुम्ही सांगितलं होतं, ह्याला मोजमाप कळतं. मला ते अजून कळलेलं नाही.

पंखाचा तुकडा कपाटात असेल. त्यावरचा आकडा चुकीचा आहे. काकूंनी खरा आकडा वाचावा आणि तुम्ही लिहावा.

मी रविवारी येईन. येऊ नको म्हणालात तर फाटकावरूनच परत जाईन.

आपला विद्यार्थी"