मोरचुदानं खाल्लेली जाळी

आईला डायलिसिस लागलं तेव्हा माझ्या थोरल्या भावानं आपला वाटा फार पटकन उरकून घेतला. "मंचरचा दवाखाना तुला जवळ पडतोय," तो म्हणाला. "आईला तू ठेव. न्यायला-आणायला माझी जुनी गाडी देतो. अजून काय करायचं मान्सानं?" मी कळंबला राहते, तो जुन्नरकडे, बापाच्या द्राक्षबागेत. आई आली, पाठोपाठ गाडी आली, आणि भाऊ पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटला, "आईसाठी मी चारचाकी दिली."

एसीचं विचारलं तेव्हा म्हणाला, "बर्फावानी गार करतो. डिझेल लई खातो, म्हणून आमी लावत न्हवतो."

ऊन तापलं तेव्हा खरं कळलं. बटण दाबलं की आतून कोमट फुंकर यायची, तीही दमेकऱ्याची. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावता येत नाही. भर दुपारी मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे अडकलं की आई जिभेनं ओठ चाटत बसायची. येताना तर अंगातलं सगळंच काढून घेतल्यासारखी असायची, मान टाकायची. एकदा वाटेत शुद्ध हरपली. गाडी कडेला घेऊन मी तिच्या तोंडावर ओला रुमाल फिरवत बसले आणि त्याच दिवशी ठरवलं, एसी दुरुस्त झाल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

नवरा चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टा. म्हणून मीच फोनवर व्हिडिओ बघून अंगणात बॉनेट उघडलं. आमच्याकडे उघडं बॉनेट आणि मुंगळ्याला गूळ यात फरक नाही. जाणारा-येणारा थांबला, डोकं आत घातलं आणि "गॅस गेला" असा निकाल देऊन मोकळा झाला. बाईमाणसाच्या हातात पाना बघून दोघंतिघं गालात हसलेही. आई तिथंच ओट्यावर बसली होती. गाडीला काय झालं हे सगळ्यांनी विचारलं. तिला कसं वाटतंय, हे एकानंही नाही.

आधी डॅशबोर्डचा कप्पा काढून त्यामागचा फिल्टर ओढला. बाहेर आली ती कांद्याची टरफलं, मूठ-मूठ, वर मातीचा थर. म्हणजे भावानं या गाडीतून कांदा ओढला होता आणि वर्षानुवर्षं आत काय चाललंय हे बघितलं नव्हतं. फिल्टर झटकून बसवला तर वारा जोरात आला, पण गरमच. मग मंचरला जाऊन गॅस भरून आणला. दोन फेऱ्या आई गारव्यात गेली. "आता बरं वाटतंय गं," म्हणाली. तिसऱ्या फेरीला पुन्हा भट्टी.

गॅस टिकत नाही म्हणजे कुठंतरी भोक आहे. पुन्हा थोडा गॅस भरून घेतला, इंजिन बंद केलं, बादलीत साबणाचा फेस केला आणि जुन्या ब्रशनं एकेक पाईप, एकेक जोड माखत गेले. कुठंच बुडबुडा नाही. शेवटी पुढची प्लॅस्टिकची जाळी काढली. तिच्यामागे रेडिएटरच्याही पुढं एसीची ॲल्युमिनियमची जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. गरम झालेला गॅस तिथं बाहेरच्या वाऱ्यावर निवतो. फेस लावला तसे तीन-चार ठिकाणी बारीक बुडबुडे फुगायला लागले. जाळीची पाती चपटी झालेली आणि त्यांच्यावर निळसर-हिरवट डाग.

तो डाग मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बागेत बुरशीवर मोरचूद आणि चुन्याची फवारणी झाली की लहानपणी ड्रम धुवायचं काम माझ्याकडे असायचं. मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच कालवतात. लोखंडी बादली घेतली तर तो ती खातो, हे बागायतदाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी भावाला फोन लावला.

"दादा, गाडी कशानं धुवायचास रे?"

"फवारणीच्या पंपानं. आसलं प्रेशर आसतं, मिनिटात चकाचक."

"मोरचूद मारल्यावर पंप, पाईप धुऊन घ्यायचास का?"

"पायपात राह्यलं आसंल थोडं. का, रंग गेला का कुठं?"

रंगाची काळजी! ज्यानं आयुष्यात कधी लोखंडी बादली मोरचुदात घातली नाही, त्यानं वर्षानुवर्षं त्याच पाण्याचा झोत या जाळीवर मारला होता, आणि गाडी कामातून गेल्यावर ती आईच्या नावानं माझ्या दारात लावली होती. मी फोनवर ओरडले. खूप ओरडले. आतून आईचा आवाज आला, "त्याला कशाला बोलती? त्याला काय ठावं? गाडी दिली ह्ये काय कमी हाय का?"

नवऱ्यानं येताना नवी जाळी आणली. रविवारी दोघांनी मिळून बंपर उतरवला, जुनी काढली, जोडांना नव्या रबरी रिंगा घालून नवी बसवली. माझ्या हाताची सालं निघाली. सोमवारी मंचरला गॅस भरला. पुढच्या फेरीला निघताना बटण दाबलं आणि खरोखरच गार वारा आला. आईनं डोळे मिटून चेहरा पुढे केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती ओठ चाटत नव्हती. मला इतकं बरं वाटलं की भावावरचा राग मी जवळजवळ गिळला होता.

कळंब मागं पडलं तेवढ्यात त्याचा फोन आला. गाडी चालवत होते म्हणून स्पीकरवर घेतला.

"एसी झाला म्हनं नीट? बरं झालं. पोरीला बघायला पावणं येणार हायेत. गाडी आठवडाभर लागंल मला. उद्या न्यायला येतो."

"आणि आईला कशातून नेऊ?"

"रिक्षा करायची की. कितीसं लांब हाय मंचर?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "दे त्याला. द्राक्षाच्या पिकअपमधून पावणं आणील व्हय त्यो? आन् उन्हाचा लई तरास व्हतो त्याला, ल्हानपणापासनं."

"गाडी मिळायची नाही," मी म्हणाले आणि फोन कापला.

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंड फिरवून तिनं आपल्या बाजूच्या काचेचं हँडल धरलं. डाव्या हातानं. त्याच हातात तिला सुया टोचतात, आणि त्या हातानं पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. काच इंच-इंच खाली गेली आणि रस्त्यावरची झळ आत आली.

"आई, हात दुखंल," मी म्हणाले.

"दुखू दे," ती म्हणाली. मंचर येईपर्यंत ती त्या झळेत तोंड धरून बसली होती.