यंत्रांची चाचणी

१४ मे १९९९, सकाळी सव्वासात वाजता आम्ही दोन चेनसॉची तुलना सुरू केली. दुपारपर्यंत धाकटा भाऊ गेला.

झाशीत आमची लाकडाची वखार होती. विक्रेत्याने दोन कंपन्यांची यंत्रे चाचणीसाठी दिली होती. एक मोठे, लाल. दुसरे हलके, नारिंगी. बरुआसागरच्या एका बागेत वाळलेले शिसवीचे झाड आम्ही तोडायला घेतले होते. यंत्र चालवणारे भैया त्याच गावचे.

आधी आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दोन्ही चालवली. लाल यंत्र आरपार गेले, तेव्हा नारिंगी अर्ध्यावर होते. दाब वाढताच त्याचा वेग पडे. पण ते कमी पेट्रोल पीत होते आणि हाताला हादरे देत नव्हते. माझा कौल त्याला होता.

"दादा, तुझ्या मशीननं भेंडी चिरावी," भाऊ म्हणाला. भैया हसले.

मग लाल यंत्र उभ्या झाडाच्या झुकलेल्या फांदीवर लावायचे ठरले. भाऊ दोर बांधण्यासाठी फांदीखाली गेला होता. बुंध्याआड तो भैयांना दिसत नव्हता. त्यांनी विचारले, "नीचे कोई है?"

त्यांच्याशी नेहमी हिंदीत बोलणारा भाऊ घाईत घरच्या भाषेत बोलला, "खाली आहे मी, थांबा."

इंजिनाच्या आवाजात भैयांपर्यंत एकच शब्द पोहोचला. आमच्या घरात खाली म्हणजे जमिनीकडे. त्यांच्या भाषेत खाली म्हणजे रिकामे. त्यांनी यंत्र टेकवले. मी ओरडलो, हात वर केला. हात पुरता वर जाण्याआधी फांदी तुटली होती. नारिंगी यंत्राला अधिक वेळ लागला असता.

रुग्णालयात नेईपर्यंत सर्व संपले होते.

भैया वखारीच्या दारात बसून राहिले. अखेर म्हणाले, "बाबूजी, उन्होंने खाली कहा था।"

"हाँ, कहा था," मी म्हणालो.

संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतल्यावर विक्रेत्याचा माणूस यंत्रे न्यायला आला. कोणते ठेवणार, हे त्याने विचारले नाही. नारिंगी ठेवतो, असे मी सांगितले. लाल यंत्रातले पेट्रोल काढले, पात्याचा भुसा पुसला. गरम साखळी गार होताना आवळते. म्हणून काम थांबताच ती सैल करायची असते. सकाळी ते राहून गेले होते. पाना घेऊन मी ती सैल केली.